उष्ण हवा वर जाते, तर डोंगर थंड कां?

उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे मुंबई-पुण्याचीं कुटुंबें माथेरान, महाबळेश्वर गांठतात. डोंगरावर हवा थंड असते, हें इतकें परिचयाचें आहे कीं त्याचें नवल कोणास वाटत नाहीं. त्याच कुटुंबांतील मुलांनीं मात्र शाळेंत शिकलेलें असतें कीं, उष्ण हवा हलकी असते व ती वर जाते. एखादा चौकस मुलगा या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवतो आणि विचारतो, "उष्ण हवा वर जाते, तर ती सारी डोंगरावर जमून डोंगर तापायला हवेत, मग तेथें थंडी कां?" डोंगराचा माथा सूर्याला हजार-दीड हजार मीटर अधिक जवळ असतो, हेंही तो वर जोडतो. वडील माणसें बहुधा 'तेथें झाडी फार' किंवा 'तेथें वारा फार' असें कांहींतरी उत्तर देऊन मोकळीं होतात.

प्रश्न मात्र असा उडवून लावण्यासारखा नाहीं. उष्णमान, घनता व दाब या तिघांचें परस्परांशीं असलेलें नातें त्याच्या उत्तरांत सांपडतें. शिवाय तें नातें उमगलें म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानांत येते, व तिचा संबंध शहरांतील प्रत्येक घराच्या आरोग्याशीं आहे. मोटारींचा, कारखान्यांचा व जाळलेल्या कचऱ्याचा धूर आकाशांत चढून नाहींसा होतो, असें सर्वजण गृहीत धरून चालतात. हिवाळ्याच्या कित्येक रात्रीं हें गृहीत खोटें ठरतें.

प्रथम हवेच्या ओझ्याचा विचार केला पाहिजे. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद व तीन मीटर उंच अशी एखादी साधी खोली घेतली, तर तिच्यांत मावणाऱ्या हवेचें वजन समुद्रसपाटीस, ३० अंश सेल्सिअस उष्णमानाला, सुमारें ४२ किलोग्रॅम भरतें. जी खोली रिकामी म्हणून समजली जाते तिच्यांत एवढा ऐवज असतो. डोक्यावर तर हवेचे थर कित्येक किलोमीटर उंचीपर्यंत एकावर एक रचलेले आहेत. या साऱ्या थरांचा जो भार खालच्या हवेवर पडतो, तोच हवेचा दाब होय. समुद्रकांठीं हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारें एक किलोग्रॅम असतो, व तो ७६० मिलिमीटर उंचीचा पाऱ्याचा स्तंभ तोलून धरतो.

इटलींतील तोरिचेल्ली यानें १६४३ च्या सुमारास असा पाऱ्याचा स्तंभ काचेच्या नळींत उभा करून दाखविला. फ्रान्समधील पास्काल याच्या मनांत आलें कीं, हा खरोखर हवेचाच भार असेल तर डोंगरावर तो कमी भरला पाहिजे; कारण तेथें डोक्यावरचे थर तेवढे कमी. त्याच्या सूचनेवरून त्याचा मेहुणा पेरिए यानें १९ सप्टेंबर १६४८ रोजीं प्युई द दोम नांवाच्या डोंगरावर पाऱ्याची नळी नेली. दुसरी नळी पायथ्याशीं ठेवून तिच्यावर नजर ठेवण्यास माणूस बसविला. पायथ्याचा पारा दिवसभर जागचा हलला नाहीं. माथ्यावरचा पारा मात्र सुमारें ८ सेंटिमीटर खालीं आला. उंचीबरोबर दाब उतरतो, हें त्या दिवशीं निर्विवाद ठरलें. महाबळेश्वरास हवेचा दाब मुंबईच्या मानानें सुमारें एक सप्तमांश कमी असतो, आणि साडेपांच हजार मीटर उंचीवर तो जवळ जवळ निम्मा होतो.

आतां उष्णतेकडे वळावें. हवा तापली म्हणजे तिचे कण अधिक वेगानें धांवूं लागतात व अधिक जोरानें आदळतात. झांकण घट्ट बसविलेल्या भांड्यांत हवा तापविली तर तिला पसरावयास जागा नसते. म्हणून घनता तीच राहते आणि दाब वाढतो. उन्हांत ठेवलेल्या सायकलीची काठोकाठ भरलेली ट्यूब फुटते ती याच कारणानें. उघड्या हवेची गोष्ट निराळी आहे. तेथें तापलेली हवा सभोंवारच्या हवेला रेटून पसरते. दाब भोंवतालच्या इतकाच राहतो आणि घनता उतरते. दाब कायम असतांना दर अंशाला हवेचें आकारमान किती वाढतें, हें फ्रान्समधील गे-ल्युसाक यानें १८०२ सालीं प्रसिद्ध केलें. तें शून्य अंशावरील आकारमानाच्या सुमारें २७३ व्या भागाइतकें असतें. म्हणून शून्य अंशाला एक घनमीटर हवा १.२९ किलोग्रॅम भरते, तर ३० अंशांना ती सुमारें १.१६ किलोग्रॅमच भरते.

येथें एक बारीक गोष्ट ध्यानांत ठेवावयास हवी. उष्ण हवा वर जाते, याचा अर्थ उष्णतेंत वर चढण्याचा कांहीं अंगचा गुण आहे असा नव्हे. पाण्यांत बुडविलेला लांकडाचा ठोकळा वर येतो, कारण भोंवतालचें जड पाणी त्याच्या खालीं शिरून त्याला वर लोटतें. उष्ण हवेचेंही तसेंच आहे. तिच्या शेजारची हवा तिच्याहून जड असेल तरच ती वर लोटली जाते. शेजार जड नसेल तर ती कितीही तापलेली असली तरी जागच्या जागीं राहील.

फ्रान्समधील मोंगोल्फिए बंधूंना हा भेद ठाऊक नव्हता. १७८३ च्या जून महिन्यांत त्यांनीं कापडाचा व कागदाचा मोठा गोळा गवत आणि लोंकर जाळून फुगविला व आकाशांत सोडून दाखविला. त्याच वर्षीं २१ नोव्हेंबर रोजीं पॅरिस येथें अशाच विमानांतून पिलात्र द रोझिए व मार्क्विस दार्लांद हे दोघे आकाशांत फिरून सुखरूप उतरले. या बंधूंची समजूत अशी होती कीं, धुरांतच कांहीं विशेष हलकेपणा असतो. म्हणून ते मुद्दाम धूर होईल असें जळण घालीत. वस्तुतः गोळा उचलला तो उष्ण हवेनें. धूर नुसता तिच्याबरोबर वाहत होता. धुराला स्वतःचे पंख नसतात. तो ज्या हवेंत मिसळलेला असतो ती हवा वर गेली तरच तो वर जातो, ही गोष्ट पुढें फार उपयोगी पडणार आहे.

वर जाणारी हवा थंड कां होते, याचें उत्तर आतां देतां येईल. गे-ल्युसाक हा १६ सप्टेंबर १८०४ रोजीं विमानांत बसून एकटाच सुमारें ७,००० मीटर उंच गेला होता. पॅरिसमध्यें जमिनीवर उष्णमान २७ अंशांच्या वर होतें; त्याला वर आढळलें तें शून्याखालीं सुमारें साडेनऊ अंश. सूर्याच्या जवळ जाऊनही एवढी थंडी पडावी, याचीं कारणें दोन आहेत.

पहिलें कारण असें कीं, हवा मुख्यत्वें सूर्यानें तापत नाहीं. सूर्याचा बराचसा प्रकाश हवेंतून पार होऊन जमिनीवर पडतो. जमीन तापते आणि ती आपल्या अंगाला लागलेल्या हवेला तापविते. म्हणजे हवेची चूल खालीं आहे. जो जो वर जावें तो तो चुलीपासून दूर जाणें होतें.

दुसरें कारण दाबाचें. जमिनीवर तापलेली हवा वर निघाली म्हणजे तिच्या भोंवतालचा दाब कमी कमी होत जातो. दाब सैल होतांच ती पसरते. पसरण्यासाठीं तिला शेजारच्या हवेला मागें रेटावें लागतें, आणि हें रेटण्याचें काम फुकट होत नाहीं. तें करण्यास लागणारी शक्ति ती आपल्याच उष्णतेंतून खर्च करते. म्हणून बाहेरच्या कोणीही तिची उष्णता काढून घेतली नसतांही ती थंड होते. याचा पडताळा घरांतल्या सायकलीवर घेतां येतो. हवा भरतांना पंपाचें खालचें टोंक तापतें, कारण तेथें हवा दाबली जाते. आणि भरलेल्या ट्यूबच्या तोंडाशीं बोट धरून हवा सोडली तर ती गार लागते, कारण ती पसरत असते.

कोरडी हवा वर चढतांना दर १०० मीटरला सुमारें एक अंश थंड होते. हवेंत बाष्प असून त्याचें पाणी होऊं लागलें तर त्या पाण्याची सुप्त उष्णता बाहेर पडते व थंड होण्याचा वेग मंदावतो. एकंदरींत वातावरणांत दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांचा उतार पडतो. महाबळेश्वर सुमारें १,३५० मीटर उंच आहे. या सरासरीनें त्याचें उष्णमान समुद्रकांठच्या मानानें जवळ जवळ नऊ अंशांनीं कमी भरतें. चौकस मुलाला द्यावयाचें उत्तर तें हेंच : उष्ण हवा डोंगरावर पोंचते खरी, पण पोंचेपर्यंत ती उष्ण राहत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, डोंगरावरची ती थंड हवा मोठ्या नळानें खालीं आणून शहर गार करावें. तसें केल्यास निराशा पदरीं पडेल. तीच हवा १,३५० मीटर खालीं उतरतांना वाढत्या दाबानें आवळली जाईल व सुमारें तेरा अंशांनीं तापेल. चढतांना खर्चिलेली उष्णता उतरतांना तिला व्याजासकट नव्हे, पण मुद्दलासकट परत मिळते.

सह्याद्रीच्या दोन बाजूंच्या पावसांतील अंतर हेंही याच नियमाचें फळ होय. अरबी समुद्रावरची दमट हवा घाटाला अडून वर चढते, पसरते, थंड होते आणि आपलें पाणी तेथेंच टाकते. महाबळेश्वरास वर्षांत पांच मीटरांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे उतरतांना तीच हवा आवळली जाऊन तापते, ढग विरतात, व पुण्याच्या वांट्याला एका मीटरपेक्षांही कमी पाऊस येतो.

येथपर्यंत जें सांगितलें त्यावरून हवेचा एखादा लोट वर जात राहील कीं अडेल, हें ठरविण्याची कसोटी मिळते. लोट चढतांना दर १०० मीटरला एक अंश थंड होणार, हें ठरलेलें आहे. प्रत्येक उंचीवर त्याचें उष्णमान तेथल्या हवेच्या उष्णमानाशीं ताडून पाहावें. लोट अधिक उष्ण असेल तर तो हलका, म्हणून वर जाईल. अधिक थंड असेल तर जड, म्हणून अडेल.

उन्हाळ्यांतील दुपार घ्यावी. जमिनीजवळ हवा ३० अंश व एक किलोमीटर उंचीवर २० अंश आहे असें समजूं. धुराचा लोट ३३ अंशांवर निघाला, तर एक किलोमीटर चढून तो २३ अंशांवर येईल. भोंवतालची हवा २० अंशांची, म्हणून तो अजूनही हलकाच आहे. तो पुढें चढत राहील व विस्तीर्ण हवेंत विरून जाईल.

आतां हिवाळ्यांतील पहाट घ्यावी. आकाश निरभ्र आहे, वारा पडलेला आहे. सूर्य मावळल्यापासून जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकीत आली आहे, आणि तिला लागून असलेली हवाही तिच्याबरोबर थंड झाली आहे. वरची हवा मात्र तितकी थंड झालेली नाहीं. अशा वेळीं खालीं थंड व वर उष्ण असा उलटा प्रकार होतो. याला उष्णमानाची विपरीतता म्हणतात. जमिनीजवळ १० अंश व २०० मीटर उंचीवर १६ अंश आहेत असें समजूं. लोट पूर्वीप्रमाणेंच भोंवतालच्या हवेपेक्षां तीन अंशांनीं अधिक, म्हणजे १३ अंशांवर निघाला. ७५ मीटर चढतांच तो सव्वाबारा अंशांवर येतो, व तेथील हवाही सव्वाबारा अंशांचीच असते. त्याचा हलकेपणा संपला. त्याच्यावर उष्ण व हलक्या हवेचें झांकण आहे, आणि तें भेदून जाण्याचें बळ त्याच्यांत नाहीं. तो आडवा पसरतो. हिवाळ्यांत सकाळीं गांवाबाहेरच्या शेकोटीचा धूर थोडा वर चढून एकाएकीं सपाट पसरलेला दिसतो, तो हाच देखावा होय.

थंड हवा जड असल्यामुळें ती पाण्यासारखी सखल भागाकडे वाहते. नाशिक जिल्ह्यांतील निफाडच्या बाजूला कडाक्याच्या थंडींत द्राक्षबागाईतदार पहाटे बागेंत शेकोट्या पेटवितात. उघड्या रानांत शेकोटीची ऊब वाया जाईल असें वाटतें. परंतु वरच्या झांकणामुळें ती फार उंच जाऊं शकत नाहीं व वेलींच्या आसपासच खेळती राहते. शेतकऱ्याला जें झांकण उपकारक, तेंच शहराला घातक ठरतें.

किती घातक, हें विसाव्या शतकानें दोनदां दाखविलें. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हानिया संस्थानांत डोनोरा नांवाचें सुमारें १४,००० वस्तीचें गांव नदीच्या खोऱ्यांत वसलेलें आहे. तेथें जस्ताचा व पोलादाचा कारखाना होता. ऑक्टोबर १९४८ च्या अखेरीस खोऱ्यावर विपरीततेचें झांकण बसलें व तें कित्येक दिवस उठलें नाहीं. कारखान्यांतून नेहमींचाच धूर निघत होता. फक्त त्याला जावयास वाट नव्हती. २० माणसें दगावलीं व हजारों आजारी पडलीं. पुढें पाऊस आला तेव्हां हवा निवळली. लंडनमध्यें ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पांच दिवसांत घरोघरच्या कोळशाच्या शेगड्यांचा धूर असाच कोंडला. सुमारें ४,००० माणसें नेहमींच्या मानानें अधिक मरण पावलीं असा पहिला हिशेब झाला; पुढील अभ्यासकांनीं हा आंकडा १२,००० पर्यंत नेला. ब्रिटिश पार्लमेंटनें १९५६ सालीं स्वच्छ हवेचा कायदा केला, त्यामागें ही आपत्ति होती. दोन्हीं ठिकाणीं धुराचें प्रमाण एकाएकीं वाढलें नव्हतें. तो ज्या हवेंत मिसळावयाचा तिचा सांठा एकाएकीं घटला होता.

हा हिशेब कोणासही करतां येईल. उन्हाळ्यांत दुपारीं जमिनीपासून दीड-दोन किलोमीटर उंचीपर्यंतची हवा एकमेकींत मिसळत असते. हिवाळ्यांतील रात्रीं हीच उंची शें-दोनशें मीटरांवर किंवा त्याहूनही खालीं येते. धूर तेवढाच, पण हवा एक दशांश. म्हणजे श्वासाबरोबर आंत जाणारा धूर दसपट. पुणें टेकड्यांनीं वेढलेलें असल्यामुळें थंड हवा तेथें सांचून राहते, व हिवाळ्यांत सकाळीं पर्वतीवरून पाहिलें तर शहरावर पांढुरक्या धुराचा सपाट थर पसरलेला दिसतो. मुंबईला समुद्र जवळ असल्याचा लाभ आहे; दुपारीं समुद्रावरून येणारा वारा शहराची हवा बदलतो. पण हिवाळ्यांत हा वारा उशिरा सुटतो व रात्रीं पडतो, तेव्हां मुंबईही या संकटांतून पूर्णपणें सुटलेली नाहीं.

यावरून एका लाडक्या समजुतीला मुरड घालणें प्राप्त होतें. पहाटेची हवा शुद्ध, म्हणून पहाटे फिरावयास जावें, अशी शिकवण घरोघर दिली जाते. खेड्यांत व शेतांत ती योग्यच आहे. मोठ्या शहरांत मात्र हिवाळ्यांतील पहाट व सकाळचे पहिले दोन-तीन तास हेच बहुधा सर्वांत मलिन हवेचे असतात. कारण रात्रभर कोंडलेल्या धुरांत सकाळच्या वाहनांच्या धुराची भर पडते, आणि झांकण अजून उठलेलें नसतें. सूर्य वर येऊन जमीन तापली म्हणजे खालची हवा उसळूं लागते व झांकण खालून वर विरत जातें. दमेकरी, हृदयविकारी व वृद्ध माणसें यांनीं हिवाळ्याच्या दिवसांत फिरण्याची वेळ पहाटेऐवजीं दुपार कलल्यावरची, पण संध्याकाळची रहदारी सुरू होण्यापूर्वींची ठेवावी, हें अधिक हिताचें.

दुसरी गोष्ट कचऱ्याची. झाडांचीं वाळलेलीं पानें व अंगणांतील केर संध्याकाळीं किंवा सकाळीं पेटवून देण्याची चाल अनेक वस्त्यांत आहे. कचरा जाळणें केव्हांही वाईटच. परंतु हिवाळ्यांत या दोन वेळीं पेटविलेला केर म्हणजे आपल्याच आळीच्या माजघरांत पेटविलेला केर समजावा. पानांचें खत करतां येतें, आणि त्याला झांकणाची अडचण नाहीं. तिसरी गोष्ट कोळशाच्या शेगडीची. थंडीसाठीं दारें-खिडक्या लावून खोलींत पेटती शेगडी ठेवून निजणें प्राणघातक आहे. तिच्यांतून निघणारा विषारी कार्बन मोनॉक्साईड वायु हवेहून किंचितच हलका असतो. तो छताशीं जमतही नाहीं व फटींतून आपोआप निघूनही जात नाहीं, तर साऱ्या खोलींत मिसळून राहतो. त्याला वासही नसतो.

हवामानखात्याचे फुगे रोज आकाशांत जाऊन निरनिराळ्या उंचीवरचें उष्णमान व दाब कळवितात, आणि त्यावरून झांकण केव्हां व किती खालीं बसेल याचा अंदाज बांधतां येतो. पुण्यांतील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था शहरांच्या हवेविषयीं असे अंदाज तयार करीत असते. वर्तमानपत्रांत पावसाचा अंदाज जसा पाहिला जातो, तसाच हिवाळ्यांत हवेचाही पाहण्याची संवय घरोघर लागली पाहिजे. झांकण उठविणें कोणाच्या हातीं नाहीं. तें सूर्यानें व वाऱ्यानेंच उठवावयाचें. त्याच्याखालीं किती धूर सोडावयाचा, एवढेंच माणसाच्या हातीं आहे.